कोंडलेलं ऊन

आमच्या घरात जमीन यायच्या आधी मार आला होता. माझ्या आज्याकडं मेंढरं होती, रान नव्हतं. ज्याच्या रानाकडेनं कळप जाई, त्याच्या तोंडात आधी शिवी येई आणि हातात मंग काठी. एकदा दोन मेंढरांनी कुणाच्या तरी ज्वारीत तोंड घातलं, तर आज्याला बैलाच्या दाव्यानं बाभळीला बांधला आणि त्याच्याच काठीनं बडवला. ती काठी आमच्या घरात कोपऱ्यात उभी असायची. तिचं एक टोक फुटलेलं होतं. लहानपणी मला वाटायचं, मेंढरं हाकून हाकून फुटलं असेल.

आज्यानं पुढं मेंढरं विकली आणि राजूरच्या अलीकडं साडेतीन एकर बरड घेतलं. नुसते गोटे वेचायला दोन उन्हाळे गेले. त्याला दोन लेक. थोरले नाना, धाकटे माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो. आज्याच्या माघारी वाटणी झाली तेव्हा रान, बैल, विहिरीच्या पाण्याचे दिवस, सगळं निम्मं निम्मं झालं. पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप तेवढा निम्मा करता येईना. तो बांधावरच्या लिंबाला टांगला. ज्याला लागेल त्यानं काढून घ्यायचा, आणि वापरून झाला की तीन पाण्यानं धुवून परत टांगायचा. एवढाच कायदा. ज्या साली नानांनी नांगरताना बांध वीतभर आत कोरला आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं, त्या सालीही पंप लिंबावरच होता. एकानं टांगायचा, दुसऱ्यानं काढायचा. तोंड कुणी कुणाचं बघायचं नाही.

आज हे आठवायचं कारण म्हणजे ऊन. आठ दिवस झड लागून आज उघडलंय. जालन्यात, मस्तगडातल्या माझ्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या पत्र्यांवर ऊन असं आदळतंय की डोळे उघडत नाहीत. आषाढ सरतानाचं हे उघडिपीचं ऊन लोकांना गोड वाटतं. धुणी वाळतात, रस्ते कोरडे होतात. मला ते दात काढून आल्यासारखं वाटतं. पावसानं धुतलेल्या हवेत त्याला आडवायला काही नसतं. ते सरळ येतं आणि पानावर पडतं, आणि पडतं हा शब्दही साळसूद आहे. ते पानाला मारतं.

कनिष्ठ महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पोरं विचारतात, मॅडम, प्रकाशसंश्लेषण म्हणजे झाड उन्हातून जेवण बनवतं, बरोबर? पुस्तकात चित्रही तसंच असतं. हसरा सूर्य, हिरवं पान, बाण. मी म्हणते, हसरा सूर्य खोडा आधी. पानाच्या आत ऊन शिरतं ते लाथ मारून शिरतं. हिरव्या रंगाच्या कणाला असा तडाखा बसतो की त्यातला एक इलेक्ट्रॉन उसळून बाहेर पडतो. ती जागा भरायला पान पाण्याला फाडतं. फाटलेल्या पाण्यातून जे सांडतं ते आपण नाकानं ओढतो आणि त्याला ताजी हवा म्हणतो.

त्या ताज्या हवेचाही इतिहास ऐकण्यासारखा आहे. कोट्यवधी नव्हे, अब्जावधी वर्षांपूर्वी पाण्यातल्या बारक्या निळ्या-हिरव्या जिवांनी ही पाणी फाडायची विद्या पहिल्यांदा साधली. तोवर पृथ्वीवर प्राणवायू जवळजवळ नव्हताच. जे जीव होते त्यांना तो सोसत नव्हता, आतून जाळत होता. या हिरव्या जिवांनी तो सोडत सोडत जुन्या रहिवाशांचा फडशा पाडला. जे उरले ते चिखलात, अंधारात पळाले, अजून तिथंच आहेत. आणि पुढं एका मोठ्या पेशीनं यातल्याच एका हिरव्या जिवाला गिळलं. गिळलं, पण पचवलं नाही. तो पोटात जिवंत राहिला, तिथं कामाला लागला. आज ज्वारीच्या, मक्याच्या, लिंबाच्या पानात जे हिरवं दिसतं ती त्या गिळलेल्याची औलाद. झाडं गरीब असतात असं कुणी म्हटलं की मला कोवळ्या ज्वारीतलं विष बाधून तडफडत मेलेली आज्याची मेंढरं आठवतात. मायनं सांगितलेली.

तर ते साल. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या भावकीत दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, पोरगा-पोरगी धरून. हे मी मुद्दाम सांगते आणि मान वर करून सांगते. सातची एस.टी. धरायची, जालन्याला उतरायचं, कॉलेज करायचं, परत येऊन म्हैस बांधायची. पावसाळ्यात फाट्यापर्यंत चिखल तुडवावा लागायचा. दांड्या इतक्या झाल्या होत्या की आमच्या मॅडमनी सरळ सांगितलं होतं, "आणखी एक प्रॅक्टिकल बुडालं तर तुझा फॉर्म मी अडवीन."

मका गुडघ्याच्या खाली होता आणि तण त्याच्या वर चढून राहिलं होतं. आबांनी पहाटेच मक्यात तणनाशक मारलं. ॲट्राझीन, पांढरी भुकटी, पाण्यात कालवायची. मका त्यानं मरत नाही. मक्याच्या अंगात ते विष मोडायची ताकद असते. बाकीचं बरंच काही मरतं. फवारून झाल्यावर त्यांनी पंप माझ्यापुढं ठेवला. "वैशे, धू अन् टांग. बराबर धू." आणि ते म्हशीकडं गेले.

फाट्याकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला. मी पंपात तांब्याभर पाणी ओतलं, हलवलं, पालथा केला, लिंबाला टांगला आणि पळाले. तीन पाण्यांच्या जागी एक, तेही अर्धं. तळाला पांढरा गाळ चिकटला होता. तो मला दिसला होता. हे मी कुणावर ढकलत नाही.

त्या दिवशी प्रॅक्टिकलला मक्याच्याच पानाचा काप होता. ब्लेडनं पातळ काप काढला, काचेवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. शिरेच्या भोवती गच्च हिरव्या पेशींचं कडं होतं, अंबाड्याभोवती गजरा माळल्यासारखं. मॅडम म्हणाल्या, हा मक्याचा किल्ला आहे. मंग त्यांनी रुबिस्कोची गोष्ट सांगितली. हवेतला कार्बन धरणारं हे पानातलं विकर, म्हणजे एन्झाइम. जगातल्या सगळ्या भाकरी याच्या हातून जातात, आणि हे आहे संथ आणि चकणं. ज्या काळात ते घडलं त्या काळात हवेत प्राणवायू नव्हता, म्हणून दोन वायूंतला फरक नीट ओळखायची गरजच पडली नाही. आता हवा प्राणवायूनं भरलीय आणि हे धरायला जातं एक, धरतं दुसरं. मंग धरलेलं निस्तरण्यात झाडाची कमाई वाया जाते, ऊन तापलं की जास्तच. गहू, कापूस, सोयाबीन सगळे या चुकीसकट जगतात. मका, ज्वारी, ऊस, हराळी यांनी मात्र तोड काढली. कार्बन आधी बाहेरच्या पेशीत पकडायचा आणि ढकलत ढकलत त्या आतल्या कड्यात कोंबायचा. तिथं रुबिस्कोभोवती एवढी गर्दी करायची की त्याला चुकायला जागाच राहू नये. ही तोड एकाच झाडाला सुचली नाही. वेगवेगळ्या कुळांत, वेगवेगळ्या काळी, उन्हाचा आणि उपासाचा मार खात ती पुन्हा पुन्हा घडली. मला आमच्या लोकांची आठवण झाली. मार खाऊन कड्यात जगायला शिकलेले.

मी तिकडं मक्याच्या किल्ल्यावर भाळले होते तेव्हा इकडं नानांनी लिंबावरचा पंप काढला, त्यात अळीचं औषध आणि पाणी भरलं आणि सोयाबीनवर मारलं.

आठवडा उन्हाचा गेला. असंच, आजच्यासारखं. आणि सातव्या दिवशी सकाळी आबा भाकर खात असताना अंगणातून आवाज आला.

"बाहीर निघ रे, इख घालनाऱ्या."

नानांच्या हातात कुऱ्हाड होती. दुसऱ्या हातात सोयाबीनची उपटलेली रोपं, पानं कडेनं जळून तपकिरी झालेली. आबा उष्ट्या हातानंच उठले. "काय झालं ते तं सांग."

"पिकात इख घालतो अन् वरून इचारतो? बांध पाहिजे होता ना तुला? घे बांध."

कुऱ्हाड उलटी होती म्हणून आबा आज आहेत. ती खांद्यावर बसली आणि काटकी मोडावी तसा आवाज झाला. आबा खाली बसले, तसाच त्यांचा डावा हात दारातल्या वरवंट्यावर गेला, आणि उठता उठता त्यांनी तो नानांच्या तोंडावर हाणला. दोन दात भाकरीच्या ताटात पडले. खोटं वाटेल, पण ताटातच पडले. माय विळा घेऊन मध्ये घुसली. "दीर म्हनून आजपोवतर पाया पडत आले," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जराही चढला नव्हता, "आता एक पाऊल पुढं टाका, पायच कापून ठेवते."

मी दारात उभी होते. हातात वही होती.

नाना तोंडातलं रक्त थुंकून म्हणाले, "ऐतवारी खंडोबाच्या ओट्यावर ये. बेलभंडारा उचल, की माझ्या घरातून इख आलं न्हाई. उचललास तं मी तुझे पाय धरीन, थोरला असून. न्हाई उचललास तं कुऱ्हाड हाईच."

"आत्ता चल," आबा म्हणाले. हात लोंबत होता.

बाहेरच्याला हे उमजायचं नाही. आमच्यात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन देवापुढं जे बोललं ते बोललं. खोटा उचलणाऱ्याचं घर वाळून जातं असं आम्ही मानतो. कोर्टाचा कागद खोटा निघू शकतो, भंडारा नाही. आबांनी जन्मात एकदाही उचलला नव्हता. वेळच आली नव्हती. त्यांच्या साध्या हूं-वर लोक बैल देऊन टाकायचे.

जालन्याच्या दवाखान्यात आबांच्या गळ्याखालचं मोडलेलं हाड बांधलं. डॉक्टरांनी केस करायची का विचारलं. आबा म्हणाले, "भावावर केस? न्हाई. बैलानं मारलं लिवा." मी बाकड्यावर बसून पुस्तक उघडलं. अभ्यास म्हणून नाही. कुठं बघायचं ते कळत नव्हतं म्हणून. आणि प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात, खाली, बारक्या अक्षरात ते होतं.

मी ते माझ्या बोलीत सांगते. पानात उन्हानं उसळलेला इलेक्ट्रॉन एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो. आग लागल्यावर विहिरीपासून माणसं ओळीनं उभी राहून बादल्या पुढं देतात तसा. ॲट्राझीन त्या ओळीतल्या एका माणसाच्या जागी जाऊन बसतं. हात बांधून. बादली पुढं जात नाही. पण ऊन थांबत नाही. ते मागून देतच राहतं, देतच राहतं, आणि जे पुढं जाऊन साखर व्हायचं ते तिथंच फुटतं. पेशींची अस्तरं फाटतात. विष पानाला मारत नाही. विष फक्त वाट बंद करतं. मारतं ते ऊन, जे रोज जगवत होतं तेच. जळण कडेनं सुरू होतं, आणि आधी जुन्या पानांचं.

नानांच्या मुठीतली पानं कडेनं जळलेली होती.

शनिवारी दुपारी मी एकटी नानांच्या रानात गेले. विहिरीच्या बाजूनं, जिथं ते पंप भरतात तिथून, पहिल्या आठ ओळी कोळसा. पुढच्या आठ कडेनं पिवळ्या. त्यापुढच्या आठ जरा फिक्या, न बघणाऱ्याला दिसणारही नाहीत अशा. पुढं सगळं हिरवंगार. एका पंपात आठ ओळी होतात. दर भरण्याला विष पातळ होत गेलं होतं. कुणी चोरून विष घातलं असतं तर ते असं टप्प्याटप्प्यानं ओसरलं नसतं. चोर पंपागणिक दया करत नाही.

मला सगळं कळलं, आणि हेही कळलं की गप्प बसले तर सगळं नीट होणार आहे. आबा खऱ्या मनानं भंडारा उचलतील. नाना पाय धरतील. भाऊ एक होतील. फक्त आबांच्या तळहातावर एक खोटं असेल, आणि ते त्यांना कधीच कळणार नाही. मी ठेवलेलं. भंडाऱ्यानं घर वाळतं यावर माझा विश्वास आहे का, हा प्रश्नच नव्हता. त्यांचा होता. आणि शिकलेल्या लेकीनं बापाच्या अडाणीपणाच्या आडून हात धुवायचे, तर आज्यानं त्या बाभळीला बांधून घेतलं ते कशासाठी?

रविवारी ओट्यावर अर्धं गाव होतं. आबांचा उजवा हात बांधलेला, म्हणून डावा पुढं केला. कुणी तरी म्हणालं, डाव्या हातानं चालतं का? एक म्हातारा म्हणाला, "उजवा यानंच मोडला, मंग चालतं." हसलेही थोडे. पुजाऱ्यानं पान ठेवलं, वर भंडारा ओतला.

"आबा, उचलू नका," मी म्हणाले.

"गप."

"इख आपल्याच पंपातलं हाय. म्या धुतला न्हाई. गाळ दिसला होता मला."

आबांनी मला त्याच डाव्या हातानं मारलं. जन्मात पहिल्यांदा. भंडारा उडाला, माझ्या डोळ्यांत गेला, नानांच्या धोतरावर पडला. कानात किती तरी वेळ टाचणीसारखा बारीक आवाज होत राहिला. अजून पावसाळ्यात तो कान दुखतो.

नाना मात्र कुऱ्हाडीला हात न लावता माझ्याकडं बघत होते. "बापाला देवाच्या तावडीतून सोडवायला खोटं बोलून राह्यली पोरगी," ते म्हणाले. दात गेल्यामुळं शब्द फसफसत होते. "कशावरून?"

"चला रानात."

मी त्यांना ओळी दाखवल्या. आठ, आठ, आठ. त्यांनी तोंडातल्या तोंडात मोजल्या. पण पटलं नाही. "औषध तं मक्याचं. अन् त्यानं सोयाबीन उन्हात जळतं? मंग उन्हानं मारलं म्हन की."

मी पंपाच्या तळाच्या खाचेत अजून वाळून चिकटलेला गाळ खरवडला, पाण्यात कालवला आणि हिरव्या भागातल्या दोन रोपांवर शिंपडला. एक उघडं ठेवलं. दुसऱ्यावर टोपलं पालथं घातलं, वर पोतं, वर धोंडा. "आठ दिवस कुणी उचलायचं न्हाई," मी म्हणाले.

नानांनी ते कुणावर सोडलं नाही. आठ दिवस तो माणूस कामधंदा टाकून त्या टोपल्याशेजारी बसून राहिला, तिखट उन्हात, मांडीवर कुऱ्हाड. मोठी माय, म्हणजे नानांची बायको, भाकर तिथंच आणून द्यायची. "कोंबडी उबवून राह्यले का?" असं म्हणायची. तिसऱ्या दिवशी आबा बांधावर येऊन बसले, त्यांच्या बाजूनं. पाचव्या दिवशी त्यांनी तंबाखूची पुडी पलीकडं फेकली. नानांनी ती परत फेकली नाही.

आठव्या दिवशी टोपलं उचललं. उघड्यावरचं रोप कडेनं जळून चुरगळलं होतं. टोपल्याखालचं फिकं, लांबट, आजाऱ्यासारखं झालं होतं, पण एकाही पानाला डाग नव्हता. तेच विष, ऊन तेवढं नव्हतं.

नाना खाली बसून दोन्ही रोपं बोटानं चाचपत राहिले.

"उन्हाला जायला वाट न्हाई राहिली, नाना," मी म्हणाले. "आत कोंडलं, म्हनून जाळलं."

मंग उठत म्हणाले, "मंग त्या दिवशी माझ्या टाळक्यावर टोपलं ठेवायचं होतं कुणी तरी."

आबा हसले आणि हाड दुखलं म्हणून कळवळले. मला आबांनी "चुकलो" असं कधी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता मी निघाले तेव्हा ते मोडक्या हाडानिशी फाट्यापर्यंत माझ्या पुढं चालले आणि गाडीला हात केला.

परवा वर्गात मी सांगत होते की पानावर पडलेल्या उन्हाच्या शंभर वाट्यांतला एखाद-दुसरा वाटाच शेवटी धान्यात, पाल्यात, लाकडात उरतो. बाकीचं उडतं, परततं, चुकीत जातं. मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "मंग मॅडम, झाड नापासच की." सगळे हसले. मी म्हणाले, त्या नापासानंच तुला जगवलंय. पण खोलीवर आल्यावर विचार करत राहिले. एवढा मार, एवढी जळजळ, आणि हाती एखादा वाटा. आमच्या घराचा हिशोबही काही वेगळा नाही. आज्यानं खाल्लेल्या किती काठ्यांतून एक पदवी निघाली, ते विचारूच नये.

खिडकीवर आता ऊन उतरतंय. पत्रे निवतायत.

त्या रब्बीत जळालेल्या ओळींच्या जागी आबांनी स्वतः नानांची ज्वारी पेरून दिली. ज्वारीला ते विष बाधत नाही, हे मी सांगितलं आणि दोघांनी न भांडता ऐकलं. बांध अजून वीतभर कोरलेलाच आहे. मी बी.एस्सी. प्रथम श्रेणीत पास झाले. लिंबावर आता दोन पंप टांगलेले असतात. तणनाशकाच्या पंपाला लाल चिंधी आहे, ती मी बांधलीय. पाहून पाहून गावातल्या बहुतेक घरांनी तसं केलंय. त्यानंतर आमच्या शिवारात पंपाच्या चुकीनं एकही ओळ जळाली नाही.